कोपर, दांडा आणि अर्धा मिलिसेकंद

मराठी घरांत ‘टेनिस एल्बो’ हा शब्द २००४ साली आला. त्याआधी तो हाडांच्या डॉक्टरकडे ऐकू यायचा, किंवा इंग्रजी पेपरात. २००४ च्या ऑगस्टमध्ये सचिनचं डावं कोपर दुखायला लागलं आणि दोन महिन्यांत कटिंग चहा पिणारा प्रत्येक माणूस कोपराच्या स्नायूंवर अधिकारवाणीने बोलायला लागला. ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या पहिल्या दोन कसोट्या गेल्या. मे २००५ मध्ये लंडनला शस्त्रक्रिया झाली. ऑक्टोबरमध्ये नागपूरला श्रीलंकेविरुद्ध तो परत आला आणि ९३ काढल्या, तेव्हा कुठे सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. त्या काळात छोट्या अर्जुनची प्लॅस्टिकची बॅटसुद्धा उचलता येत नव्हती, असं त्याने नंतर सांगितलंय.

तेव्हा सगळी चर्चा त्याच्या जड बॅटवर झाली. कोपर डावं होतं, याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. उजव्या हाताने खेळणाऱ्या फलंदाजाचा डावा हात दांड्यावर वरच्या बाजूला असतो. उजव्या हाताच्या गोल्फरचाही डावा हात तिथेच असतो. आणि गोल्फ खेळणाऱ्यांना कोपराचं जे दुखणं होतं, ते बऱ्याचदा अगदी सचिनसारखंच असतं. म्हणजे डाव्या कोपराच्या बाहेरच्या बाजूला, म्हणजेच टेनिस एल्बो! ‘गोल्फर्स एल्बो’ असं स्वतंत्र नाव असलेलं दुखणं वेगळं आहे. ते कोपराच्या आतल्या बाजूला होतं, गोल्फरांमध्ये बहुधा उजव्या हाताला. हौशी गोल्फरांमध्ये मात्र टेनिस एल्बोचंच प्रमाण जास्त असतं. नावं ठेवणाऱ्यांनी व्हेरिएबलची नावं ठेवताना आपण करतो तसाच घोळ करून ठेवलाय.

नावांचा हा घोळ बराच जुना आहे. १८७३ साली रुंगे नावाच्या जर्मन डॉक्टरने या दुखण्याचं पहिलं वर्णन केलं, ते टेनिसपटूंचं नव्हतंच. लिहून लिहून हात धरणाऱ्या माणसांबद्दलच्या लेखात ते आलं होतं. लॉन टेनिस हा खेळच तेव्हा जन्मायचा होता. विंगफिल्ड नावाच्या इंग्रज मेजरने त्याचं पेटंट १८७४ मध्ये घेतलं. मग इंग्लंडातल्या बागा-बागांमध्ये तो खेळ पसरला, आणि १८८२ मध्ये हेन्री मॉरिस या सर्जनने ‘लॅन्सेट’मध्ये घोडेस्वारांच्या मांडीच्या दुखापतीवर लिहिताना जाता जाता ‘लॉन टेनिस आर्म’चा उल्लेख केला. पुढच्याच वर्षी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये ‘लॉन-टेनिस एल्बो’ असं शीर्षकच आलं. तेव्हापासून ते नाव चिकटलंय. कारकुनांचं दुखणं साहेबांच्या खेळाच्या नावावर लागलं. मी दिवसाचे नऊ-दहा तास माउस आणि की-बोर्डवर काढतो, त्यामुळे रुंगेसाहेबांच्या कारकुनांबद्दल मला जरा जास्तच आपुलकी आहे.

आता एक प्रयोग करा. डाव्या हाताने उजव्या हाताचा कोपराखालचा भाग धरा, वरून आणि खालून दोन्हीकडून. मग उजव्या हाताची मूठ घट्ट आवळा. खालचे स्नायू कडक होतात हे समजण्यासारखं आहे, बोटं मिटायचं काम तेच करतात. पण वरचेसुद्धा तितकेच टणक झाले ना? मूठ आवळताना मनगट आत वळू नये म्हणून वरच्या स्नायूंना उलट्या दिशेने ओढून धरावं लागतं. खालच्या स्नायूंचा उगम कोपराच्या आतल्या हाडाच्या उंचवट्यावर, वरच्यांचा बाहेरच्या. म्हणजे पकड बोटांत दिसली तरी तिचे दोर बांधलेले असतात कोपराला. पकड घट्ट केली की दोन्ही खुंट्यांवर ताण. गोल्फमधलं कोपराचं सगळं राजकारण इथून सुरू होतं.

पुढचं नीट कळायला दांड्याचा इतिहास पाहायला हवा.

विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीसएक वर्षांपर्यंत गोल्फच्या क्लबचा दांडा लाकडाचा असायचा, हिकरी नावाच्या अमेरिकन झाडाचा. हिकरी चिवट, पण तिचा एक गुण म्हणा की दोष म्हणा, ती नुसती वाकत नाही, पिळवटतेसुद्धा. क्लबच्या डोक्याचं वजन दांड्याच्या रेषेत नसून एका बाजूला असतं. त्यामुळे वरून खाली येताना तुम्ही अचानक हिसका दिलात तर डोकं मागे रेंगाळतं, दांडा पिळतो, क्लबचा चेहरा उघडा राहतो आणि चेंडू उजवीकडच्या झुडपांत जाऊन बसतो. हिकरीवाल्यांना म्हणून हिसका देऊन चालायचंच नाही. वेग हळूहळू वाढवायचा, दांड्याला सावरायला वेळ द्यायचा आणि मनगटं मोकळी ठेवायची.

त्या काळातला सर्वांत मोठा खेळाडू हॅरी वॉर्डन. ब्रिटिश ओपन सहा वेळा जिंकला, १८९६ ते १९१४ च्या दरम्यान. इतक्या वेळा ती स्पर्धा आजपर्यंत दुसऱ्या कुणीही जिंकलेली नाही. आज जगभर जी पकड शिकवतात, म्हणजे उजव्या हाताची करंगळी डाव्या हाताच्या बोटांवर चढवायची, ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. आणि या वॉर्डनचं डावं कोपर स्विंगच्या वरच्या टोकाला चक्क वाकायचं! फोटो आहेत, कुणीही पाहावेत. ‘डावा हात काठीसारखा ताठ ठेवा’ ही नवशिक्यांना पहिल्या दिवशी दिली जाणारी शिकवण त्याने कधी पाळली नाही. इथे अमेरिकेत मला ज्या शिक्षकाने पहिले धडे दिले, त्याने पहिल्या दहा मिनिटांत ते वाक्य चार वेळा उच्चारलं होतं. ‘सरळ’ आणि ‘ताठ’ यांत फरक आहे. सरळ हात लांब असतो, ताठ हात आवळलेला असतो. पहिल्याचा फायदा चेंडूला मिळतो, दुसऱ्याचा फक्त फिजिओथेरपिस्टला.

पोलादी दांडा आणणारा माणूस आपल्यातलाच निघाला, म्हणजे इंजिनियर. न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडी गावचा, जनरल इलेक्ट्रिकमधला आर्थर नाइट. १९१० साली त्याने पोलादी नळीच्या दांड्याचं पेटंट घेतलं. पण गोल्फ हा नियमांचा खेळ आणि नियम करणारी मंडळी सनातनी. अमेरिकेच्या संघटनेने पोलादाला १९२४ मध्ये मान्यता दिली. स्कॉटलंडातल्या सेंट अँड्र्यूजच्या कर्मठांनी आणखी पाच वर्षं घेतली, १९२९ पर्यंत. बॉबी जोन्सने १९३० साली एका वर्षात चारही मोठ्या स्पर्धा जिंकल्या त्या हिकरीनेच, आणि अठ्ठाविसाव्या वर्षी तो निवृत्त झाला. १९३१ ची अमेरिकन ओपन बिली बर्कने पोलादी दांड्याने जिंकली. हिकरीचा जमाना तिथे संपला.

जोन्सच्या १९३१ च्या फिल्म्स आज सहज बघायला मिळतात. जरूर बघा. लांब, सैल, लयीत जाणारा स्विंग. कुठे आवळाआवळ नाही. झोका वर जाऊन क्षणभर थांबतो आणि आपोआप खाली येतो ना, तसं.

पोलाद पिळवटत नाही. हिसका दिला तरी चेहरा फारसा उघडत नाही, आणि जोर लावला तर त्याचं फळ मिळतं. ताकदवान माणसांना रान मोकळं झालं. आता माझं मत सांगतो, माझंच आहे, कुठल्या पुस्तकातलं नाही. हिकरी वाईट स्विंगची शिक्षा लगेच द्यायची, चेंडू झुडपात घालून. पोलादाने ती शिक्षा माफ केली, पण हिशोब काही मिटला नाही. जोराने आवळून मारलेल्या फटक्याचा हादरा लाकडात बराचसा जिरायचा, तो पोलादातून सरळ हातात यायला लागला. चेंडू बरा जातोय म्हटल्यावर माणूस तसाच मारत राहतो, वर्षानुवर्षं. कोपराला बिल येतं चाळिशीत.

नव्या दांड्याला नवा स्विंग हवा, हे ज्याने सर्वांत आधी नीट ओळखलं तो टेक्ससचा बायरन नेल्सन. हिकरीवर शिकलेला पोरगा. तिशीच्या दशकात पोलाद हातात आलं तेव्हा त्याने हातांची आणि मनगटांची फिरवाफिरव कमी केली आणि पायांना कामाला लावलं. सुरुवात जमिनीकडून करायची, गुडघे, मग कमर, मग खांदे, आणि हात सगळ्यात शेवटी. हात स्वतः मारत नाहीत, ते ओढले जातात. १९४५ साली तो १८ स्पर्धा जिंकला, त्यांतल्या ११ ओळीने. (युद्धामुळे चांगले खेळाडू नव्हते, असं म्हणणारे लोक आहेत. असेनात. ओळीने ११ म्हणजे ओळीने ११.) पुढच्या वर्षी, चौतिशीत, त्याने पूर्णवेळ खेळणं सोडून गाईगुरं घेतली.

आता माझ्या आवडीचा भाग. १९६० च्या दशकात ‘ट्रू टेंपर’ या दांडे बनवणाऱ्या कंपनीला क्लब तपासायला एक यंत्र हवं होतं, जे दर वेळी हुबेहूब तसाच फटका मारेल. नमुना म्हणून त्यांनी नेल्सनचा स्विंग निवडला. यंत्राचं नाव पडलं ‘आयर्न बायरन’. पुढे अमेरिकेची गोल्फ संघटना चेंडूंची चाचणी त्याच्यावर घ्यायची. त्या यंत्राला खांद्याच्या जागी एक फिरता आस होता, एक हात होता आणि मनगटाच्या जागी एक बिजागरी होती. कोपर नव्हतंच! चेंडू लांब मारायच्या कामात कोपराची गरजच लागत नाही, हे यंत्र बनवणाऱ्यांनी लोखंडात लिहून ठेवलं. आपल्याला कोपर आहे ते वर पाणी प्यायला आणि खाली नारळ फोडायला.

त्याच सुमाराला इंग्लंडमध्ये काही शास्त्रज्ञ हेच कागदावर मांडत होते. अ‍ॅलिस्टर कॉक्रन आणि जॉन स्टॉब्स यांचं ‘द सर्च फॉर द परफेक्ट स्विंग’ हे पुस्तक १९६८ चं. इंजिनियर माणसाने गोल्फवरचं एकच पुस्तक वाचायचं असेल तर हे वाचावं. त्यांनी स्विंगला दुहेरी लंबक म्हटलं, म्हणजे एका लंबकाच्या टोकाला टांगलेला दुसरा लंबक. वरचा म्हणजे हात, खालचा म्हणजे क्लब, मधली बिजागरी म्हणजे मनगटं. वरचा लंबक खाली येताना मंदावतो आणि त्याची ऊर्जा खालच्यात उतरते. हात संथ होतात तेव्हा क्लब सुटतो. विटीदांडू खेळलेल्या कुणालाही ही गोष्ट हाताने माहीत आहे. दांडू दाबून मारला की विटी जवळच पडते.

त्या पुस्तकातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा हा: क्लबचं डोकं आणि चेंडू एकमेकांना चिकटून असतात ते सुमारे अर्धा मिलिसेकंद. ताशी १०० मैल वेगाने चाललेलं डोकं तेवढ्या वेळात दोन सेंटिमीटरच्या आसपास पुढे जातं. टक्कर झाल्याची खबर मेंदूपर्यंत पोचते तोवर चेंडू निदान फूटभर पुढे निघून गेलेला असतो. म्हणजे ‘चेंडूला लागताना घट्ट धरलं’ असं जे आपल्याला वाटतं, ते चेंडूच्या दृष्टीने निरर्थक आहे. त्या टकरीत डोकं एखाद्या सुट्या दगडासारखं वागतं, मागे कोण धरून उभंय याची त्याला पर्वा नसते. हे दाखवायला त्या मंडळींनी डोक्याच्या जरा वर बिजागरी बसवलेल्या क्लबनेही चेंडू मारून पाहिले, आणि ते साध्या क्लबच्या तोडीचे गेले.

मग पकड हवीच कशाला? हवी, पण दुसऱ्या कामासाठी. मी एका रिकाम्या दुपारी ढोबळ हिशोब केला. डोक्याचं वजन २०० ग्रॅम, वेग सेकंदाला ४५ मीटर, त्रिज्या पावणेदोन मीटरच्या जवळपास. क्लब हातातून बाहेर पळायला बघतो तो वीसेक किलोंच्या ओढीने. ही ओढ सांभाळायला बोटांचा आकडा पुरतो, बादलीची कडी धरतो तसा. ती जसजशी वाढते तशी बोटं आपोआप घट्ट होतात, त्यांना आधीपासून सांगावं लागत नाही. बेन होगनने १९५७ च्या ‘फाइव्ह लेसन्स’मध्ये दाब कुठे हवा ते नेमकं लिहिलंय: डाव्या हाताची शेवटची तीन बोटं आणि उजव्या हाताची मधली दोन. अंगठा आणि तर्जनी त्यात नाहीत. उजव्या हाताचा चिमटा घट्ट केला की उजवा हात सगळा ताठरतो आणि कोपराचा आतला कोपरा बोंबलतो. होगनने कोपरांवरही बरंच लिहिलंय. दोन्ही कोपरं एकमेकांजवळ, त्यांची टोकं कमरेच्या हाडांकडे. रेंजवर उभे राहून लोकांच्या कोपरांकडे बघा, बहुतेकांची टोकं बाहेर आलेली असतात. चेंडू गेल्यावर डावं कोपर कोंबडीच्या पंखासारखं बाहेर निघतं, तेव्हा टेनिस एल्बोचा हप्ता जमा झाला म्हणून समजा.

माझं उजवं कोपर आतल्या बाजूने दुखायला लागलं तेव्हा आधी दुधाचा गॅलनचा कॅन उचलवेना, मग दाराची मूठ फिरवेना, मग माउस. तिसऱ्या पायरीला घाम फुटला. गोल्फ सोडला तर काही बिघडत नाही, माउस सोडला तर घराचे हप्ते कोण भरणार? तेव्हापासून मी स्विंगकडे खेळ म्हणून न बघता डिबगिंग म्हणून बघायला लागलो.

उजव्या कोपराचा शत्रू एकच, उजव्या हाताने चेंडू ‘मारायची’ घाई. खांदे आधी फिरतात, क्लब बाहेरून आणि उभा खाली येतो, मनगटाची घडी लवकर सुटते आणि डोकं चेंडूच्या आधी जमिनीत शिरतं. ताशी ८० मैल वेगाने येणारी वस्तू मातीत अडते, आणि मनगट वाकवू पाहणारे स्नायू त्याच क्षणी उलटे ताणले जातात. गवतावर निदान माती उडते. रेंजवर प्लॅस्टिकची मॅट असते आणि मॅटखाली काँक्रीट. गंमत अशी की मॅटवर क्लब घसरून चेंडूला लागतो, त्यामुळे फटका बरा वाटतो. पुन्हा तीच पोलादी माफी! चेंडू बरा, कोपर वाईट. शंभर चेंडूंची बादली म्हणजे असे शंभर हादरे, तेही पाऊण तासात.

उपाय त्याच इतिहासात आहे. वजन आधी डाव्या पायावर जाऊ द्यायचं, नेल्सनसारखं, मग हात. क्लबचा तळ चेंडूच्या किंचित पुढे लागला पाहिजे, मागे नव्हे. मी रेंजवर चेंडूच्या तळहातभर मागे एक दुमडलेला रुमाल ठेवतो, क्लब रुमालाला लागता कामा नये. पकडीचा जोर दहापैकी चार. स्विंग सुरू करायच्या आधी मनगटं हलवून बघायची, न हलली तर पुन्हा धरायचं. दांड्यावरचं रबर गुळगुळीत झालं असेल तर बदलायचं, घसरणारी वस्तू माणूस नकळत आवळतो. ग्रॅफाइटचा दांडा, जो १९७० च्या दशकापासून मिळतोय, हादरा बराच कमी करतो. एका अर्थी ती हिकरीकडे परतीची वाट आहे, फक्त पिळवटल्याशिवाय. आणि मॅटवर बादली अर्धीच मारायची.

दुखायला लागल्यावर काय, याचाही इतिहास फार जुना नाही. शंभर वर्षं डॉक्टर समजत होते की इथे सूज आहे, म्हणून नावात ‘आयटिस’. १९७९ मध्ये रॉबर्ट निर्शल आणि त्यांच्या सहकाऱ्याने शस्त्रक्रियेत काढलेल्या ऊती पाहून सांगितलं की सूज जवळजवळ नाहीच. कंडरा झिजलेली आहे आणि तिची दुरुस्ती अर्धवट राहिलेली आहे. सूज नसेल तर सूज मारणारं स्टेरॉइडचं इंजेक्शन काय करणार? टेनिस एल्बोवरच्या २००६ आणि २०१३ च्या ऑस्ट्रेलियन चाचण्यांमध्ये दिसलं ते असं: पहिले काही आठवडे रुग्ण खूश, आणि वर्षभराने इंजेक्शन न घेतलेल्यांपेक्षा त्यांची अवस्था वाईट. आमच्या भाषेत सांगायचं तर रिलीजच्या आदल्या रात्रीचा पॅच.

झिजलेल्या कंडरेला हवा असतो तो बेताचा, सावकाश वाढत जाणारा भार. २०१० साली अमेरिकेत काही फिजिओथेरपिस्टांनी रबराचा एक जाड दांडा पिळायचा व्यायाम तपासला. दोन्ही हातांनी पिळायचा आणि दुखऱ्या हाताने अगदी हळूहळू सोडायचा. टेनिस एल्बोवर त्याचा चांगला गुण आला. आतल्या बाजूच्या दुखण्यासाठी तोच व्यायाम उलट्या दिशेने करतात. महिने लागतात, दिवस नाहीत. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या येत असतील तर मात्र व्यायाम बाजूला ठेवून डॉक्टरकडे जा, कारण तिथून एक नस जाते आणि ते प्रकरण वेगळं असतं.

रबराचा तो दांडा माझ्या डेस्कवर मॉनिटरशेजारी पडलेला असतो. बिल्ड चालू असताना पंधरा वेळा पिळून होतो. गेले दोन महिने माउस पुन्हा उजव्या हातात आहे, आणि येत्या शनिवारी मॅट सोडून खऱ्या गवतावर जायचा विचार आहे, फक्त सात नंबरचा क्लब आणि रुमाल घेऊन.